काटा, दोनदा

सावद्याहून फोन आला तेव्हा मी फैजपुरात
एका प्रिंटरच्या पोटातून मेलेली पाल काढत होतो.
"भो, लवकर या. काट्याचे दोन काटे झाले.
एक दाबला की वजन येतं, दुसरा दाबला की शून्य.
दोन्ही सारखेच दिसता. मले काही समजत नही.
आठ गाड्या उभ्या आहे. माल तापून राहिला."

काट्याची खोली म्हणजे पत्रा, पंखा, बारदान
आणि पिवळा पडलेला डबडा कॉम्प्युटर.
पडद्यावर अजून एक्सपीची ती टेकडी,
मे महिन्यात केळीबाहेर कुठेच नसतं असलं हिरवं.
कंपनीने तिला केव्हाच वाऱ्यावर सोडलं.
पण वजनाचा प्रोग्रॅम ज्याने लिहिला
तो जळगावचा पोरगा आता कॅनडात, फोन उचलत नाही,
आणि प्रोग्रॅम दुसऱ्या कुठल्या मशीनवर
उठायला तयार नाही.

कंट्रोल पॅनेल उघडलं.
माऊस, मोडेम, तारीख-वेळ, आवाज,
आणि शेवटच्या ओळीत
काटा. काटा.
तोच तराजू, तीच तांबडी दांडी,
एका सालीत दोन केळी निघावीत तसे.

सुपडू आप्पा टॉवेलने मान पुसत मागे उभे.
"एक पुसून टाका ना."
उजवी कळ दाबली. पुसायचं कलमच नाही तिथे.
आप्पा, चित्रं इथे नुसती दिसतात, मी म्हटलं,
राहतात ती आत,
सिस्टिम बत्तीस नावाच्या चाळीत,
हजारभर फायलींच्या दाटीत.

शोधायला लावलं.
कोपऱ्यातला तो पिवळा कुत्रा
पुस्तकात नाक खुपसून शेपटी हलवत बसला.
वीस मिनिटं.
बाहेर कुणी क्लीनर हॉर्नवरचा हात काढेना.

दोन सापडल्या.
एकीवर साल दोन हजार चार, दुसरीवर दोन.
म्हणजे चारची नवी, असा सरळ हिशेब करून
मी दोनची बाजूला काढली
आणि मागून आप्पा ओरडले: "शून्य!"

मग डोक्यात प्रकाश.
मशीनचा सेल मेलेला.
बंद करून चालू केलं की घड्याळ मागे पळतं,
आणि नव्या काट्याची फाईल
त्या खोट्या जानेवारीत जन्मलेली.
चारची, खऱ्या तारखेची, होती
भंगारात गेलेल्या काट्याची.
तो गेला तरी ही अजून पहिल्या पोर्टवर
कान लावून बसलेली.

दोनची परत आणली.
चारच्या शेपटाला लिहिलं: जुने.
एफ पाच.
एकच काटा.

"पुसली?"
नाही, नाव बदललं. आहे तिथेच आहे.
पण पॅनेल शेवटची तीन अक्षरं बघून हाक मारतं.
ती अक्षरंच नाहीत, तर समोर असून सापडत नाही.

आप्पा जरा वेळ पडद्याकडे पाहत राहिले.
"माझ्या मायनं तेच केलं, भो.
माझ्या आधीचे दोघं गेले.
मंग मले सुपात घातलं,
शेजारणीला सव्वा रुपयात इकलं,
अन् नाव ठेवलं सुपडू.
शाळेच्या दाखल्यावर मधुकर आहे.
न्यायला आलेला मधुकर-मधुकर करत
गल्लीतून परत गेला असंल."

मी काय बोलणार. चहा प्यालो.

पहिली गाडी चढली. चौदा हजार आठशे साठ.
प्रिंटर किरकिरत पावती ओकला.
वर तारीख: एक जानेवारी, दोन हजार दोन.
आप्पांनी कानावरचं पेन काढलं,
ती खोडली, आजची लिहिली.
रोज असंच करतात म्हणे, दोन वर्षं झाली.

आप्पा, हे आधी सांगायचं ना!
"तुम्ही इचारलं कुठे,"
आणि दुसऱ्या गाडीला हात केला.