सत्तावीस टिंबं

साहिवालच्या कचेरीबाहेर शिसवीच्या झाडाखाली
माझं टेबल. एक पाय आखूड, त्याला वीट.
तीस वर्षं इथे बसून मी लोकांची भांडणं टाइप करतो,
उजवीकडून डावीकडे:
बांध, म्हैस, तलाक, हरवलेलं ओळखपत्र.
पानाला चाळीस रुपये. कार्बनचे पाच वेगळे.

नियामत मसीह बसस्टँडवर चणे भाजायचा.
आवाज असा, की मुलतानची गाडी सुटतासुटता थांबायची.
बोलणाऱ्याचे कुळीथही खपतात,
याचे तर गरम चणे.
शेजारच्या सरबतवाल्याशी वीस रुपयांवरून बिनसलं,
शब्दानं शब्द वाढला,
आणि त्यातला एक
कुणीतरी उचलून ठाण्यावर नेला.

कुठला, ते फिर्यादीत नाही.
फिर्यादी म्हणतो, उच्चारला तर माझीही जीभ विटाळेल.
फौजदारानं लिहिलं: फिर्यादीने सांगितलेले शब्द.
पहिला साक्षीदार: दुसऱ्यानं ऐकलं तेच.
दुसरा: पहिल्यानं ऐकलं तेच.
वकिलानं विचारलं, नेमकं काय?
मागच्या बाकांवरची माणसं उठून उभी राहिली,
कुणी काही बोललं नाही, नुसती उभी राहिली.
वकील खाली बसला.
पुढच्या तारखेला आला नाही.

न्यायाधीश तरुण, सारखा चष्मा पुसणारा.
निकालात त्यानं तिथे जागा सोडली होती.
शिक्षा मात्र पुरती लिहिलेली,
गळा, दोर, मरेपर्यंत,
एका काना-मात्रेची काटकसर नाही.

नक्कल करायला कागद माझ्याकडे आले.
रिकामी जागा टाइप कशी करायची?
मी टिंबं मारली. सत्तावीस.
सत्तावीसच का, ते मला विचारू नका.
ओळ तेवढ्यात भरली.

त्या रात्री जेवताना मी मीठ मागितलं नाही,
बोट दाखवलं.
मग अंधारात एकेक शब्द तोंडात धरून पाहिला,
चण्यासारखा, न फोडता.
रोटी. तराजू. वीस. आभाळ.
हा असेल?
हा?
जिभेला हाड नसतं म्हणतात.
माझ्या जिभेत रात्रभर काहीतरी टोचत होतं.
जुबैदा वकिलीच्या पहिल्या वर्षाला आहे.
सकाळी म्हणाली, अब्बा, तुम्हाला काय वाटतं?
मी ब्र काढला नाही.
तिनं पुन्हा विचारलंही नाही, आणि ते जास्त लागलं.

गुरुवारी त्याची बायको आली, राखिल.
अपिलाला नक्कल हवी होती.
काखेत पिशवी, पिशवीत त्याचा चणे परतायचा झारा,
विकायला काढलेला.
म्हणाली, मुन्शीजी, बावीस वर्षांचा संसार,
झोपेत बरळतो तेही मला पाठ आहे.
तो काय बोलला, तेवढं वाचून दाखवा.
मी म्हटलं, त्याला विचार ना.
विचारलं, म्हणाली, तुरुंगाच्या जाळीतून.
तो म्हणतो, मलाही अजून कुणी सांगितलं नाही.

मी पान उलटलं. बोट ठेवलं.
ती वाकून बघत राहिली,
लिहिता-वाचता न येणारं माणूस
दुसऱ्याच्या अक्षराकडे बघतं तसं, अदबीनं.
एवढं सगळं बोलला? म्हणाली.

मी शाईचं पॅड पुढे केलं.
अंगठा. खाली, सहीच्या जागी.
तिनं अंगठा दाबला,
आणि डोळ्यांवर ऊन आलं म्हणून,
की कशामुळे, मला माहीत नाही,
उमटवला तो थेट टिंबांवर.
निळा, ओला, मधोमध एक चीर, चुलीची असावी.

पान बाद करायला हवं होतं. तसा नियम आहे.
मी फुंकर घालून शाई वाळवली,
घडी घालून तिच्या हातात दिलं,
आणि फक्त कार्बनचे पाच घेतले.

कार्बनची प्रत माझ्या खणात आहे.
तिच्यावर ती ओळ अजून तशीच,
सत्तावीस टिंबं,
माझ्या हातची.