चार बोटं

उद्यमनगरात चाळीस वर्षं मी मोटारी भरतो.
जळकं तांबं उपसायचं, नवं भरायचं,
फेरे मोजताना कुणी हाक मारली तर ओ द्यायची नाही.
म्हणून केएमटीचं कार्ड हातात आलं तेव्हा
पहिलं मनात आलं, ह्याच्या पोटात काय असंल?

सुहेलनं त्याचं चिरलेलं कार्ड थिनरच्या वाटीत टाकलं.
दुपारच्या चहापर्यंत प्लास्टिक सायीगत सुटलं,
आणि आत माझाच धंदा की!
कडेकडेनं केसाएवढ्या तारेचे चार-पाच फेरे,
टोकाला तिळाएवढी काळी टिकली.
सेल नाही, बटन नाही.
"मग चालतंय कशावर, मामा?"
म्हटलं, दारातल्या मशीनच्या जिवावर.
मशीन आपल्याभोवती सारखं काहीतरी सांडत असतंय,
हे जवळ गेलं की तेवढ्यावर जागं होतंय,
नंबर सांगतंय, हिशेब देतंय,
लांब गेलं की परत मेल्यागत.
चिकटायला लागत नाही. चार बोटं अंतर चालतंय.
ट्रान्सफॉर्मरात तरी दोन गुंडाळ्या
कुठं एकमेकीला शिवतात?

बाळगोंडा माझा थोरला भाऊ.
शेडच्या मधल्या भिंतीवरनं कोर्टात गेलो.
भिंत आहे अजून. दोन्ही वकील गेले.
अकरा वर्षं साडेसहाच्या बसला
तो पुढं, मी मागं.

परवा नेमका माझ्या पुढंच चढला.
कार्ड धरलं. लाल.
सदऱ्याला पुसून धरलं, उलटं करून धरलं,
मग अंगठ्यानं दाबायलाच लागला, वाइस आवळल्यागत.
"आजोबा, दाबू नका. कार्ड वाचतंय मशीन,
खरं पैसे नाहीत त्यात," चंद्रप्रभा कंडक्टर म्हणाली.
त्याच्याकडं पाचशेची नोट, हिच्याकडं सुट्टे नाहीत,
मागनं पोरांचा रेटा.

मी त्याच्या खांद्यावरनं हात लांब केला,
बाही त्याला लागू दिली नाही.
हिरवा. टिंग.
चंद्रप्रभानं माझ्याकडं बघितलं, त्याच्याकडं बघितलं
(दोघांचं नाक एकच, आईचं),
काहीतरी दाबलं.
परत हिरवा. टिंग.

तो वळला नाही.
सीटवर बसला, शेजारी पिशवी ठेवली.
मग टाकाळ्याच्या वळणावर
ती उचलून मांडीवर घेतली.

मी उभाच राहिलो, वरचा दांडा धरून.
उतरेपर्यंत ती जागा रिकामी होती
आणि पिशवी मांडीवरच.