खड्ड्यातला माणूस

एकशे एकोणीस प्रयोग वाजवलेत मी ‘दिव्याची राखण’चे,
पाहिला एकही नाही.
आमच्या जागेला इथे खड्डाच म्हणतात:
मंचाच्या ओठाखाली तेरा माणसं, एक पंखा,
आणि वर ताणलेली जाळी, कुणाची टोपी, कुणाचा कंदील
व्हायोलिनवर पडू नये म्हणून.
मी ट्रॉम्बोन. भिंतीला टेकून.
नळी पूर्ण लांबवली तर चेलोवाल्या इर्माच्या खांद्याला लागते,
म्हणून ते खालचे सूर मी तिला विचारून घेतो.

एप्रिल लागला की सेहेचाळिसाव्या रस्त्यावर
सगळेच ज्योतिषी होतात.
फिंटनच्या बारमध्ये फळा, खडूने लिहिलेले भाव:
‘शेवटची लिफ्ट’ दोनास एक,
‘मीठ आणि मिसूरी’ पाचास दोन,
आमचं तळाला, बारास एक,
तेही कुणाच्या तरी ओल्या कोपराने अर्धं पुसलेलं.
बाजारात तुरी,
आणि इथे दोन प्रकाशवाले हमरीतुमरीवर.
कुणी म्हणतं, परीक्षकांना यंदा रडायचंय.
कुणी म्हणतं, मागल्या वर्षी रडले की, आता नाचवा.
कपडेपटातली रोझाल्बा म्हणते, मी घामावरून सांगते,
ज्या खेळाचा घाम आंबट, तो जिंकत नाही.
यावर कुणाकडे उत्तर नव्हतं.
‘लिफ्ट’चा नायक तर गुडघ्याला बाशिंग बांधूनच फिरतोय,
आभाराचं भाषण म्हणे पाठ आहे,
आईच्या नावापाशी अडखळायची जागासुद्धा ठरलेली.
आमच्या मिसेस वॅक्समननी देव पाण्यात घातलेत
आणि ब्रुकलिनचं घर गहाण.

मला विचारतात, तुमच्यात आहे का दम?
मी काय सांगू.
मला पाय माहीत आहेत.
ज्युनिपर हॅलोरन तिसऱ्या गाण्यात डावा पाय आधी टाकायची,
मार्चपासून उजवा टाकते.
दुसऱ्या अंकात धाकटी बहीण होडी घेऊन निघते
तेव्हा डोक्यावर अकरा पावलं, मग काहीच नाही,
चार मात्रा शांतता,
आणि फळ्यांच्या फटीतून माझ्या पानावर थोडी धूळ.
तिथे मला सूर नाहीत. तिथे लिहिलंय: थांबा.
ती धूळ कुठल्या विभागात बसवणार?

मंगळवारी सकाळी याद्या आल्या.
‘लिफ्ट’ला अकरा नामांकनं. ‘मीठ’ला नऊ.
आम्हाला एक. प्रकाशयोजना.
म्हणजे नेमकं तेच, जे मी कधी पाहिलं नाही.
गुरुवारी मागच्या दाराशी कागद लागला: रविवारी शेवटचा.
फिंटनने आमचं नाव तसंच ठेवलं,
भाव तेवढा पुसला.

रविवारी माझी खुर्ची मी ओटिस नावाच्या पोराला दिली,
इर्माच्या खांद्याबद्दल दोनदा बजावलं,
आणि तिकीट काढून बसलो, मधल्या रांगेत, इस्त्रीच्या शर्टात.
शेजारच्या बाई ओहायोच्या, पर्समध्ये लिंबाच्या गोळ्या.
म्हणाल्या, हाच जिंकणारा ना? मुलाने सांगितलंय, जिंकणारा बघून ये.
मी म्हटलं, घोडामैदान जवळच आहे.

ज्युनिपर बुटकी निघाली. पावलांवरून मला उंच वाटायची.
आणि होडी म्हणजे होडी नव्हतीच,
एक निळी चादर, दोन पोरं टोकं धरून.
मग ती अकरा पावलं.
मग दिव्याचा झोत मागच्या भिंतीवरून सुटला,
पिवळट, सावकाश,
बाईंच्या चष्म्यावरून, माझ्या हातांवरून,
आणि खाली खड्ड्यात उतरला.
जाळीतून पितळेचं एक टोक चमकलं:
ओटिसने ट्रॉम्बोन मांडीवर आडवा ठेवला होता.
थांबला होता.
मी चार मोजले. ओठ आपोआप आवळले गेले.
बाईंनी एक गोळी पुढे केली.
घेतली.