नाव ठेवण्याआधी

रेडिओ म्हणतो, त्याला अजून नाव ठेवलेलं नाही.
नुसता कमी दाबाचा पट्टा,
होंडुरासच्या किनाऱ्यापासून दोन दिवसांवर
रेंगाळणारा.
एवेलियो मात्र सकाळपासून त्याला नावं ठेवतोय.

डेल्फिना दर तासाला बंधाऱ्यावर जाते.
उलुआ नदीत रोवलेली पट्टी, टॉर्चच्या उजेडात आकडा:
चार मीटर वीस. मग चार साठ.
फोनवर सांगते. पलीकडचा पोरगा लिहून घेतो
आणि दरवेळी विचारतो, "नक्की?"

इथे अजून थेंब नाही.
पाऊस वर डोंगरात, कॉफीच्या मळ्यांत पडतोय.
तिथली माती तेवढी पुढे आलीय,
नदी विटकरी झालीय तिच्यानं.

खाली वस्तीत फ्रीज टेबलावर चढलाय,
टेबल विटांवर, गाद्या वाशांना.
डुकरीण हलत नाही.
दिवस भरलेत तिचे. दोघांनी ढकललं,
कणसं दाखवली, शिव्या घातल्या,
ती आपली चिखलात अंग टाकून, डोळे मिटून.

नाव आलं की कळतं म्हणे, केवढं आहे ते.
मागच्या खेपेला नाव आलं
तेव्हा पाणी खिडकीशी होतं.

"पाच मीटर."
"नक्की?"
"तूच ये आणि बघ," डेल्फिना म्हणाली, आणि लगेच,
"नको. येऊ नकोस. लिही."

मग टॉर्च एवेलियोच्या हातात देऊन
ती डुकरिणीच्या मागच्या पायांशी बसली.
पुढच्या आकड्याला
अजून वीस मिनिटं होती.