पेन्सिलीतला खर्च

शेठ म्हणाले, "नेहेते, संध्याकाळपर्यंत सांगा,
दिल्लीला माल रेल्वेनं की ट्रकनं. खरा आकडा."

मी वहीचं पान मधोमध दुमडलं.

डावीकडे ट्रक: डिझेल, टोल, ताडपत्री,
बऱ्हाणपूरच्या पुढे खिडकीतून द्यायचे ते,
ज्याची पावती नसते, दर मात्र ठरलेला असतो.
उजवीकडे रेल्वे: भाडं,
बागेतून सावद्याच्या धक्क्यापर्यंत ट्रॅक्टर,
चढवाई, उतराई,
आणि रेक लागेपर्यंतची वाट.
वाट किती रुपये क्विंटल, ते कुणी ठरवत नाही.
केळी ठरवते.
मागच्या वैशाखात दोन दिवस धक्क्यावर बसली,
तिसऱ्या सकाळी घडांना पिवळं हसू फुटलं
आणि शेठ रडले.

तरी रेल्वे स्वस्त. ट्रक वेळेवर.
शाळेत इथंच दोन रेघा मारायला शिकवतात.

तेवढ्यात दिलदार तडवी चहाला आत आला.
पाच दिवसांनी परतलेला.
दारात उभा राहून चप्पल शोधत होता.
पायातच होती.
"झोपेचे किती धरू?" मी विचारलं.
"तो खर्च मालकाचा नाही भाऊ. माझा."

मग समासात पेन्सिलीनं लिहीत गेलो:
फैजपूरच्या वळणावरच्या लिंबाची सोललेली साल,
रस्त्याकाठचा कापूस, वेचतानाच राखाडी,
दर पावसाळ्यात खचणारी पुलाची कड,
ती कुणाच्या वहीत?
कोळीवाड्यातला तो मुलगा, सायकलीसकट.
इथं आकडा टाकला नाही.
विमा कंपनीनं टाकला होता.

उजवीकडेही समास आहेच.
रेक नसली की धक्क्यावरचे हमाल
उधारीच्या विडीवर पत्ते कुटतात.
आणि रुळांखाली गेलेली आमची काळी पट्टी,
जिचा मोबदला आजोबा
मरेपर्यंत 'येणे'मध्ये दाखवत.

शेठ आले. शाईतलं वाचलं.
चष्मा काढून म्हणाले,
"ट्रकच लावा. रेकचा काय भरवसा?"

दिलदारनं कप उपडा ठेवला.
"उजेड आहे तोवर निघतो."

तो स्टार्टर मारत होता
तेव्हा कोळशाची मालगाडी न थांबता गेली.
सवयीनं डबे मोजले. अठ्ठावन्न.
पुढे दोनच माणसं जागी.