अल हमराजवळ, फलजच्या काठी

पाटाच्या कडेला, खजुरांच्या पलीकडे,
बोटाएवढ्या रुंद पानांचं झुडूप.
सुलैयम म्हणतो, सफसाफ.
एवढंच. त्याला पुढचं नाव लागत नाही.

मला लागतं.
मी भिंग काढते, चिमटा, जुनी वर्तमानपत्रं,
मस्कतहून आणलेला तक्ता,
ज्यात दर प्रश्नाला दोनच वाटा:
पान खालून पांढुरकं की दोन्हीकडून हिरवं?
कडा दातेरी की साधी?
देठावर ग्रंथी आहेत की नाहीत?

पहिलं पान म्हणतं, आहेत.
दुसरं म्हणतं, नाहीत.
तिसरं शेळीने खाल्लंय.

फुटव्याच्या पानांवरून सोयरीक जमवू नका,
कुलथे मॅडम सांगायच्या,
संगमनेरला, प्रवरेच्या चिखलात आम्हाला उभं करून.
फुलोरा येईपर्यंत थांबा.
तिथेही हेच कुळ, पाय पाण्यात सोडून बसलेलं.
हजेरीपटावर माझं आडनावही तेच,
म्हणून सगळ्यांसमोर मलाच विचारलं:
वाळुंज, वाळुंज ओळखा.
मी करंज म्हणाले.

आता कार्डावर नवऱ्याचं आडनाव आहे
आणि ते अरबीत असं काही उतरलंय
की प्रत्येक खिडकीवरचा माणूस वेगळीच बाई पुकारतो.
मी सगळ्यांना ओ देते.

उपजातीचं नाव तीन पदांचं,
मतदार यादीतल्यासारखं, घराणं आधी.
संकराच्या नावात मात्र दोघांच्या मध्ये फुली.
गुणाकाराची खूण आहे, म्हणे.
मला ती चुकलेल्या गणितावरची वाटत आली आहे.

फेब्रुवारी. मंजिऱ्या आल्यात, पिवळ्या,
मधमाश्यांनी जड.
पुंकेसर मोजते: चार. पाच. पाच.
एका फुलात तीन,
पण ते चिमट्यात तुटलेलं असणार.
म्हणजे हे झाड नर.
मादी वरच्या वळणावर आहे म्हणतात,
तिथली वाट मागच्या पुराने नेली.
आणि खाली निझव्याच्या बागांत
बाहेरून आणलेलं, लोंबत्या फांद्यांचं, दुसरंच वाण,
तेही याच आठवड्यात फुलतं.
माशीला तक्ता वाचता येत नाही.

तीन तास झाले.
तक्त्यात मी दोनदा वर गेले, दोनदा खाली आले,
दोन्ही वेळा वेगळ्या दारात पोचले.
सुलैयमने कॉफीचा थर्मास उघडला,
खजूर पुढे केले,
आणि सहज, बी थुंकता थुंकता, म्हणाला:
हे मीच लावलं.

लावलं?

लावलं म्हणजे, शेळ्यांच्या गोठ्याला खुंट हवा होता.
ओली काठी ठोकली. ती जगली.
गोठा गेला, खुंट राहिला.

कुठून आणली होती काठी?

तो डोंगराकडे बघतो. मग खाली गावाकडे.
त्या वर्षी दोन्हीकडून आणल्या होत्या, म्हणतो,
यातली कुठली जगली
ते कोण लक्षात ठेवतं, बहीण?

चिठ्ठीवर एक रकाना आहे:
नैसर्गिक / लागवड. एक खोडा.
मी दोन्ही तसेच ठेवते.
सॅलिक्स, एवढं पेन्सिलने लिहिते,
पुढे दोन पदांची जागा सोडते,
कुलथे मॅडमनी बघितलं असतं तर
गुण कापले असते. किंवा नसते.

निघताना तो एक फांदी मोडतो, वीतभर,
पानं ओरबाडून काढतो, माझ्या हातात देतो.
तुमच्या गावी लागेल?

विमानतळावर माती चालत नाही, मी सांगते.

माती कशाला, तो म्हणतो,
आणि माझ्या पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडतो.