बरणीतलं बिऱ्हाड

चौथ्या मजल्यावरची ताईसिया ल्वोव्ना
लेकीकडे दक्षिणेला कायमची गेली तेव्हा
कुंड्या दिल्या ग्रंथालयाला, मांजर बहिणीला,
आणि माझ्या दारात ठेवून गेली
तीन लिटरची बरणी, तोंडाला फडकं बांधलेली.
"वेनियामिन, आठवड्याला गार चहा नि साखर.
उपाशी ठेवू नकोस."

आत तरंगत होती एक चकती,
सायीसारखी, पण सायीहून चिवट,
खालून तपकिरी दोऱ्या लोंबलेल्या.
बाहेरच्या जगात म्हणे कोंबुचा म्हणतात, नाजूक बाटल्यांत विकतात.
आमच्या उलान-उदेत त्याला म्हणतात चहाचं अळंबं.
अळंबं नाहीच ते. यीस्ट नि जीवाणूंचं एकत्र कुटुंब,
जिथे कोण कोणाचं खातं
हे विचारायचं नसतं.

त्याच महिन्यात डॉक्टर अयुना दोर्जियेव्नांनी
माझ्या तपासणीच्या कागदावर लाल वर्तुळ काढलं.
जॅम बंद. गोड सोडा बंद.
चहात तीन चमचे? विसरा.
आणि मी दुकानात, हातात साखरेचा पुडा.
गल्ल्यावरची बाई ओळखीची. म्हणालो,
"माझ्यासाठी नाही. घरात एक जण आहे."
रात्रीपर्यंत अख्ख्या इमारतीत झालं,
ट्रामवाल्या म्हाताऱ्याकडे कोणीतरी राहायला आलंय.

पहिल्या खेपेला विसरलो. तीन आठवडे.
फडकं सोडलं तर नाकात झणका.
ते कोबीवर ओतलं, उरलेल्याने केस धुतले,
लहानपणी आमच्या मजल्यावरच्या बायका धुवायच्या तसे.
दिवसभर डोक्याला लोणच्याचा वास.
दुसऱ्या खेपेला घाई केली,
तिसऱ्याच दिवशी पेला भरला. नुसता गोड चहा.
अळंब्याच्या नावाखाली माझीच चोरी,
आणि कबूल करतो, दुसरा पेलाही भरला.

एकोणतीस वर्षं ट्राम चालवली मी,
थांबा आला की थांबायचं, एवढंच हाताला ठाऊक.
इथे थांबा कुठे ते पाटीवर लिहिलेलं नसतं.
बाहेर उणे तीस, काचेवर बर्फाची जाळी,
बरणी हीटरपासून हातभर लांब,
आणि मी रोज सकाळी चमचाभर चाखणारा:
अजून गोड.
अजून गोड.
आज जरा विचार करतंय.
आज.

"हे औषध ना?" मी डॉक्टरांना विचारलं.
मिठाच्या दुधाळ चहावर वाढलेली बाई, ती हसली नाही.
"औषध नाही. तुमच्या गोळ्या त्या गोळ्याच.
सोड्यापेक्षा बरं, इतकंच म्हणेन.
साखर त्यातही उरते. अर्धा पेला, जेवताना.
बाकी बकव्हीट, कोबी, आणि नदीकाठी रोज चाळीस मिनिटं.
बरणी स्वच्छ. वर केसाळ बुरशी दिसली
तर सगळं फेकून द्यायचं. माया करायची नाही."

हे शेवटचं तिने जरा उशिरा सांगितलं.

मार्चमध्ये ताईसियाचा फोन आला.
"जिवंत आहे?"
म्हटलं, जाड झालंय, पदर सुटायला लागलेत,
वरचा थर नवा, पांढरा, खालच्याला धरून बसलेला.
"आणि तू?"
मी म्हणालो, पट्ट्याला एक भोक जास्त पाडलंय.
मग ती बराच वेळ समुद्राबद्दल बोलली.

काल तिसऱ्या मजल्यावरचा बायर, सातवीतला,
काकडीच्या लोणच्याची रिकामी बरणी घेऊन दारात.
त्याच्या आईला एक थर हवाय.
बरणी हुंगली. बडीशेप, लसूण.
"हिच्यात मरेल ते. उकळत्या पाण्याने धू, दोनदा.
साबण नको."
तो जिना उतरायला लागला तसा मी ओरडलो,
"आणि साखर आणायला गेलास
तर दुकानातल्या बाईला काही सांगू नकोस!"